उजवं चाक थंड आहे

४ जानेवारी

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असाल. घरात सगळे धडधाकट आहेत, कोणी गेलेलं नाही, तेव्हा निवांत बसून वाचा.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. आयुष्यभर पोस्टात पत्रं छाटलेल्या माणसाच्या नाकाखालून पत्र पाठवायचं म्हणजे काय दिव्य आहे ते तुम्हाला कळेलच. तुम्ही दोघं भाऊ बोलत नाही, ते असो. गॅरेजमध्ये चारचौघांत ‘दादा, पाना खाली ठेव, तुझं काम नाही’ एवढं तुम्ही म्हणालात आणि त्यावर दोन पिकल्या केसांची माणसं इतकी वर्षं तोंड फुगवून बसली, याचं मला आता कौतुकच वाटायला लागलं आहे. पण तुमचं भांडण त्यांच्याशी आहे, माझ्याशी नाही. मला एक दुखणं विचारायचं आहे.

दुखणं थोरलीचं. तुमचे दादा गाडीला अजून थोरलीच म्हणतात. ती माझ्याआधी या घरात आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. सवतीची सेवा मी कधी केली नाही, पण आता वेळ आली आहे. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढते. परवा एका भाजीच्या हातगाडीच्या इतकी जवळ जाऊन थांबली की मला बसल्या जागेवरून टोमॅटो निवडता आले असते. ह्यांनी डाव्या चाकाचे ब्रेक पॅड तीनदा बदलले. दर वेळी अंगणात गोधडी अंथरून, ते जाडजूड पुस्तक उघडून, दिवसभर खुडबूड. दर वेळी गाडी पुन्हा डावीकडे.

एरवी मी गप्प बसले असते. पण लेकीला मुलगी झाली हे तुम्हाला कळवलं होतंच. पुढच्या महिन्याच्या शेवटी दोघींना इकडे आणायचं आहे, आणि हे म्हणतात मीच जाणार, थोरलीतूनच आणणार. म्हणजे घाट उतरायचा, लेक आणि तान्ही पोर मागे बसवायची आणि पुन्हा घाट चढायचा. भाड्याची गाडी करू म्हटलं तर दोन दिवस अबोला. मला भीती वाटते, भाऊजी. मी त्यांच्या शेजारी बसून जन्म काढला, पण ते बाळ त्या गाडीत बसवायची माझी छाती होत नाही.

फोन ह्यांच्या खुर्चीला चिकटून आहे, म्हणून पत्र. उत्तर शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पत्त्यावर पाठवा. आणि समजेल असं लिहा. मी मुलींना शिवणकाम शिकवलेली बाई आहे, मला शिवणयंत्राच्या पलीकडचं यंत्र ठाऊक नाही.

तुमची वहिनी

११ जानेवारी

वहिनी,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं झालं असं धरा. डावे पॅड तीनदा? दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना?

ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढते, म्हणजे डावा ब्रेक लागतो आहे. उजवा लागत नाही. दोन माणसं कपाट उचलून नेताना डावीकडचा थांबला आणि उजवीकडचा चालत राहिला, तर कपाट डावीकडे वळणारच. मग आपण डावीकडच्याला शिव्या घालतो. तो बिचारा सांगितल्याबरोबर थांबलेला असतो. डावं चाक तीनदा उघडणं म्हणजे कामाच्या माणसाला तीनदा कामावरून काढण्यासारखं झालं.

आणि गंमत सांगू का? हे मला दादानेच शिकवलंय. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हा. आता स्वतःच विसरला. वय झालं त्याचं, दुसरं काय.

आता तुम्ही करायचं ते असं. गाडी बाहेरून फिरून आली की लगेच पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरा. लोखंडाला लावू नका, भाजेल. कुठलं गरम आणि कुठलं थंड ते बघा. मग एखाद्या दिवशी दादा घरात नसताना गाडी पुढून जॅकवर उचला, पण नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली लाकडाचे दणकट ठोकळे घाला. कोणाला तरी ब्रेकवर पाय देऊन बसवा आणि चाक हाताने फिरवून बघा. जे अडतं ते चाक बरं. जे फिरत राहतं ते आजारी. चाकापर्यंत ब्रेकचं तेल एका रबरी नळीतून जातं, तिला होज म्हणतात. जुन्या गाडीत हा होज आतून सुजून बंद होतो आणि बाहेरून दिसतो एकदम ठणठणीत. तुमच्या नवऱ्यासारखा.

गॅरेज मी विकलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहतो. सोन्यासारखा मुलगा, सोन्यासारखी सून, पण या घरात काही दुरुस्तच करत नाहीत. बिघडलं की टाकतात आणि नवं आणतात. मी कोचावर बसून असतो, मला अजून टाकलेलं नाही एवढंच. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. लवकर लिहा.

भाऊजी

२० जानेवारी

भाऊजी,

डावं चाक तापलेलं, उजवं थंड. बाजारातून आल्या आल्या हे पिशव्या घेऊन आत गेले तेवढ्यात हात धरून पाहिला. डाव्याची धग मनगटापर्यंत आली. उजवं मात्र घरजावयासारखं निवांत बसलेलं.

दुसरी परीक्षा मंगळवारी घेतली, कारण मंगळवारी हे वाचनालयात जातात. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याला कुलूप घातलं आणि पांढरा कोट तसाच अंगावर ठेवून आल्या. जॅक, ठोकळे, सगळं तुम्ही सांगितलंत तसं. एरवी त्या पेशंटला हुकूम सोडतात, त्या दिवशी मी त्यांना सोडत होते. दाबा, धरून ठेवा, सोडा. डावं चाक जागचं हलेना. उजवं एका बोटाने गरागरा फिरत होतं. बाईंना मग इतका चेव चढला की म्हणाल्या, चाक काढूनच बघू. रोज दाढा उपटणारी बाई, तिच्यापुढे चाकाच्या नटांचं काय चालणार.

चाक माझ्या मांडीवर, बाई हातात पाना घेऊन उकिडव्या बसलेल्या, आणि फाटकात तुमचे दादा. वाचनालय बंद होतं म्हणे.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण ह्यांनी वाकून आत पाहिलं, म्हणाले ‘होज गेलाय’, आणि घरात गेले. कपाटातून स्वेटरखालून एक नवाकोरा होज काढून आणला, वेष्टनातला. गोधडी नाही, पुस्तक नाही. जुना काढून नवा लावला, बाईंना ब्रेकवर बसवून नळीतली हवा काढली, चाक चढवलं आणि चहाला येऊन बसले. मी थक्क. पण त्यांना वस्तू साठवायची खोडच आहे, कपाटात सुतळीची गुंडाळी आणि गेलेले बल्बसुद्धा आहेत. त्यात एक होज असेल तर नवल नाही.

आता ब्रेक दाबला की थोरली नाकासमोर उभी राहते. तुमच्या तोंडात साखर. पण दोन तक्रारी उरल्या. ब्रेक न दाबता नुसती सरळ जात असली तरी ती हळूहळू डावीकडे फुटपाथकडे सरकते. हे तिला परत आणतात, ती पुन्हा जाते. आणि वळताना पुढून टकटक टकटक आवाज येतो. लेकीला आणायची तारीख पंचवीस फेब्रुवारी ठरली आहे. तेव्हा आता काय उघडू ते लिहा.

तुमची वहिनी

२७ जानेवारी

वहिनी,

शाबास. डॉक्टरीणबाईंना सांगा, गॅरेज असतं तर उद्यापासून कामावर घेतलं असतं.

आधी टकटक. पुढची चाकं ज्या दांड्यांनी फिरतात ते एक्सल. त्यांच्या टोकाला सांधा असतो आणि सांध्यावर चुण्याचुण्यांची रबरी टोपी. तुम्हाला ती फुग्याच्या बाहीसारखी दिसेल. आम्ही तिला बूट म्हणतो. बूट फाटला की आतलं ग्रीस उडून जातं, धूळ शिरते आणि सांधा टकटक करायला लागतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस फासल्यासारखं दिसलं की समजायचं. कुठल्या बाजूचा फाटलाय ते बघा, की दोन्ही. म्हातारपणाने फाटतात तेव्हा आज ना उद्या दोन्ही जातात.

मग चाक अधांतरी असताना वरखाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग. मग डावीउजवीकडे धरून हलवा. खडखडलं तर स्टिअरिंगचे सांधे. शिवाय दोन्ही पुढच्या टायरांच्या बाहेरच्या भिंती आणि रिमच्या कडा नीट बघा, शिवणीचा टाका बघता तशा. शेवटी त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, दुसऱ्या कोणाला तरी गाडी चालवायला द्या. तेव्हाही डावीकडे जाते का ते मला हवंय.

एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. डाव्या-उजव्याचे होज या गाडीत वेगवेगळे असतात. त्याच्याकडे नेमका उजव्याचा होता, नवा, स्वेटरखाली लपवलेला. सुतळी कोणीही साठवतं, होज कोणी हौसेने आणत नाही. म्हणजे बिघाड कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं. मग तीनदा डावं चाक का उघडलं? तो विसरला असं मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. पण मग काय, ते मला कळत नाही. जी गोष्ट मला कळली नाही ती गाडीत असेल तर मी गाडी गॅरेजबाहेर सोडत नसे.

तुमचं उत्तर येईपर्यंत घाटाचं नाव काढू देऊ नका.

भाऊजी

४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही काय कपाटातल्या होजचं घेऊन बसलात. माणसाला एखादी वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून घेतली असेल.

डावा बूट फाटलाय. बाहीची शिवण काखेत उसवावी तसा, आणि आत सगळीकडे काळं ग्रीस. उजवा मात्र धड आहे, अगदी नव्यासारखा. चाकं वरखाली हलवली, डावीउजवीकडे हलवली, काही खडखडलं नाही. डाव्या टायरची बाहेरची भिंत घासून घासून खरबरीत झाली आहे आणि रिमची कड दोन ठिकाणी आत वाकली आहे. उजवीकडे काही नाही.

गाडी डॉक्टरीणबाईंनी चालवली, मी शेजारी. नाकासमोर गेली. बाईंनी सरळ रस्त्यावर क्षणभर हातसुद्धा सोडून पाहिले म्हणे. मी डोळे मिटले होते, त्यांनीच मागाहून सांगितलं. ह्यांना म्हटलं, त्यांच्या हातात कशी सरळ जाते? तर म्हणाले, त्यांचं वजन कमी आहे, गाडीला कळतं. नंतर दिवसभर तिरसटासारखे वागले.

पण एक चांगलं झालं. टकटक त्यांनाही ऐकू येत होती, त्यांनी आपण होऊन नवा एक्सल मागवला. लांबलचक खोकं बाहेरच्या खोलीत येऊन पडलं आहे. तेवढा बसला की सगळं ठीक होईल ना? तसं असेल तर मी आता निर्धास्त होते. बाळाच्या दुपट्यांना काठ लावायला घेतले आहेत.

बाकी तुमचे दादा हल्ली फार वेंधळे झालेत. काल चहाचा कप नेहमीसारखा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, तर वर्तमानपत्र उलटताना सरळ फरशीवर ढकलला. वर मलाच म्हणाले, ठेवलास तर सांगावं. इतकी वर्षं मी काय दवंडी पिटून चहा देत होते का?

तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र बसून वाचा.

एक्सल सोडला तर गाडीत दोष उरलेला नाही. डॉक्टरीणबाईंच्या हातात ती सरळ जाते. डावा टायर फुटपाथला घासून खरबरीत झालाय, रिम फुटपाथवर आपटून वाकली आहे, त्याच दणक्यांनी डावा बूट फाटला. थोरली डावीकडे जात नाही. दादा तिला नेतो. आणि चहाचा कप कुठल्या हाताला होता ते तुम्हीच लिहिलंय.

त्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही, वहिनी. समोरून उजवीकडून येणारी गाडी त्याला एकदम अंगावर आल्यावर दिसते, म्हणून तो डावीकडे चिकटून चालवतो. आणि हे त्याला ठाऊक आहे. होज स्वेटरखाली का होता ते आता मला कळलं. जोवर गाडीत बिघाड आहे तोवर डावीकडे जाण्याचा दोष गाडीचा.

तुम्ही त्याला काही बोलू नका. तो तुमच्याशी भांडला तर तुम्हाला त्याच्यासोबत राहायचं आहे. माझ्याशी तो तसाही बोलत नाही, माझं काय वाकडं होणार? सोबतचं बंद पाकीट त्याच्या हातात द्या आणि स्वयंपाकघरात जा.

मी आयुष्यात शेकडो गाड्यांना तुमचं काही खरं नाही म्हणून सांगितलं. माणसाला सांगायची वेळ पहिल्यांदा आली.

भाऊजी

९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तू फाडणार आहेस. त्याआधी डावा डोळा हाताने झाक आणि नुसत्या उजव्याने पुढची ओळ वाच.

वाचता आली तर मी गाढव आहे, तुझी माफी मागतो, आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये तुला बोललो त्याचीही मागतो.

वाचता आली नसेल तर आता डावा उघड. त्या दिवसाची माफी तरीही मागतो. पण पंचवीस तारखेला तू गाडी चालवायची नाहीस.

तुला गाडी येत नाही असं मी म्हणत नाही. ब्रेकचं पहिलं अक्षर मला तू शिकवलंस. तुझ्यासारखा घाट उतरणारा माणूस मी पाहिला नाही. पण उजवीकडून येणाऱ्या ट्रकला तुझी कीर्ती ठाऊक नसते. मागे तान्ही पोर असणार आहे, दादा.

डॉक्टरकडे जा. दातांच्या नव्हे.

तू माझ्यावर चिडून आणखी काही वर्षं बोलला नाहीस तर मला वाईट वाटेल. मागचीही सगळी वर्षं वाटत होतं. पण तू घाटात गेलास तर मी काय करू?

तुझा धाकटा

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र फाडलं नाही. तू सांगितलंस तसा डावा डोळा झाकला. पुढची ओळ राहू दे, कागद कुठे आहे तेच दिसेना.

तुझं आणि तुझ्या वहिनीचं गुपित मला जानेवारीपासून माहीत आहे. दात दाखवायला गेलो होतो, तर डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तुझं पाकीट. ज्याने आयुष्यभर पत्रं छाटली त्याला भावाचं अक्षर ओळखायला एक डोळा पुरतो. काही बोललो नाही, कारण तू तिला काय काय सांगतोस ते मला बघायचं होतं. होजचं बरोबर सांगितलंस. कपाटाचं उदाहरण मात्र माझं आहे, ते तू ढापलंस. तुझी वहिनी माझ्यावरच मोठ्या ऐटीत झाडत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तुझ्या वहिनीला बाहेर बस म्हटलं, ती आत येऊन बसली. उजवा गेला. आत दाब वाढत होता म्हणे, गेलेलं परत येत नाही. डावा थेंब घालून टिकेल. डॉक्टर वयाने आपल्या लेकीपेक्षा लहान, पण रागावला चांगला. इतका उशीर का केलात म्हणाला. मी म्हटलं ब्रेकचं काम चालू होतं.

आता ऐक. उजवा ब्रेक गेलाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. होज मी त्याच आठवड्यात आणला. मग लक्षात आलं की गाडी डावीकडे ओढते म्हटल्यावर मी डावीकडे का जातो हे कोणी विचारत नाही. होज बदलला असता तर तुझ्या वहिनीने दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं. म्हणून डावीकडचे नवे पॅड काढायचो आणि पुन्हा नवे घालायचो. पुस्तक उलटं धरलं असतं तरी चाललं असतं. किल्ली हातातून गेली की मी दुसऱ्याच्या सवडीने भाजी आणणारा म्हातारा होणार, एवढंच डोक्यात होतं. एका ब्रेकच्या गाडीत मी बायकोला शेजारी बसवून हिंडलो. याची लाज वाटते, तुला लिहितानाही वाटते आहे. तिला तोंडाने सांगितलं. ती दुपट्याचा काठ उसवून पुन्हा शिवत बसली.

पोरीला आणताना डोंगराच्या कडेकडेने जाईन, हळू जाईन, असं मी स्वतःला पटवलं होतं. तू ट्रकचं लिहिलंस ते वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

थोरली आता अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे. डावा एक्सल मी काल सोडवला, सगळा एकट्याने. नवा खोक्यात आहे, बूट, क्लिपा, ग्रीसचा डबा, सगळं मांडून ठेवलं आहे. तुझ्या वहिनीने विचारलं, काढलात तसा बसवून का टाकत नाही? तिला म्हटलं कंबर धरली आहे. तुला खरं सांगतो. तो बसला की मी किल्ली फिरवीन. मी मला ओळखतो. चाकाला दांडाच नसेल तर पंचवीसला सकाळी कितीही वाटलं तरी मला निघता येणार नाही.

तेव्हा तू चोवीसला ये. चौथ्या मजल्यावर तुझ्यावाचून कोणाचं अडलेलं नाही हे तूच तुझ्या वहिनीला लिहिलं आहेस, तुझी सगळी पत्रं तिने आता मला दाखवली. एक्सल तू बसव आणि घाटही तूच उतर. मी मागे बसेन. तोंड बंद ठेवीन असं म्हणत नाही, पण प्रयत्न करीन. येताना नातीला माझ्या डाव्या हाताला द्यायला लेकीला सांग. त्या बाजूने मला ती नीट दिसेल.

दादा